मरळीचा घास

सांडू आप्पांच्या गळ्यात तरुणपणापासून तुळशीची माळ. घरात अंड्याचं टरफलसुद्धा यायचं नाही. आणि अशा माळकऱ्याने पाळली काय, तर मरळ मासळी!

फुलंब्रीच्या मळ्यातली विहीर उपसली तेव्हा गाळात ती तडफडत होती. गडी तिचं कालवण करायला निघालेले. आप्पांनी ती हिसकावून घेतली आणि बादलीत घालून थेट संभाजीनगरच्या फ्लॅटवर आणली.

सून श्रेया नाथसागर धरणाच्या काठची, माशांतलं कळणारी. तिने आधी कपाळावर हात मारला, मग कामाला लागली. ऐसपैस काचेची टाकी आणवली. मरळ वर येऊन हवा घेते, म्हणून पाणी काठापासून खाली ठेवलं. ती उडी मारते, म्हणून जाळीच्या झाकणावर वरवंटा ठेवला.

"आणि मामा, हिच्यासंगं दुसरा मासा टाकायचा नाय. हिच्या खाण्याचं मी..."

"खाण्याचं माझ्याकडं," सासरेबुवांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही.

खाणं म्हणजे कणकेच्या गोळ्या. देवळाच्या कुंडातल्या माशांना आप्पा जन्मभर त्याच घालत आले होते. श्रेया ऑफिसला गेली की ते गोळ्या वळून टाकीत सोडायचे. दुपारपर्यंत गोळ्या दिसेनाशा व्हायच्या आणि आप्पा मिशीत हसायचे.

रविवारी श्रेयाने टाकीचा फिल्टर उघडला, तर आत कणकेचा नुसता लगदा. तिने मरळीकडे नीट पाहिलं. पोट पार खपाटीला गेलं होतं.

"मामा, हिनं एक गोळी खाल्ली नाय. ही मासे-किडे खाणारी जात. अशानं मरंल ही."

आप्पा चरकले. "मंग तळ्यात सोडून येऊ."

"इतकी अशक्त झालीय, तिथं टिकंल का? अन् टाकीतला रोग तळ्यातल्या माशांना लागला म्हंजी? आणली ना, आता सांभाळायची. मी झिंगे आणते. मीच घालीन, तुम्ही तिकडं बघू नका."

आप्पा टाकीपाशी बसून राहिले. मरळ तळाशी पडून होती, श्वासापुरती कशीबशी वर यायची. दया करून आणली आणि आपणच हिला उपाशी मारतोय, या विचाराने म्हाताऱ्याला रडू आलं.

श्रेयाने झिंगे आणून दोन-चार सोलले, तशी आप्पांनी बशी तिच्या हातातून घेतली.

"मामा, तुमची माळ..."

"माझ्या हट्टापायी उपाशी ऱ्हायली ती. मीच घालणार."

चिमट्यात झिंगा धरून त्यांनी पाण्यात हलवला. मरळ जागची हलेना. आप्पांनी हात मागे घेतला नाही. एकाएकी तिने झडप घातली आणि पाणी आप्पांच्या तोंडावर उडालं.

"खाल्लं गं! खाल्लं!" आप्पा लहान लेकरागत ओरडले.

श्रेया उरलेले झिंगे सोलत होती. हात कसे सराईत चालत होते! आप्पा बघतच राहिले.

"सूनबाई, तुझ्या माहेरी मासे शिजायचे ना?"

"रोज."

"अन् इथं आल्यापासून?"

श्रेया नुसती हसली.

आप्पांना आपलीच लाज वाटली. "तुला कधी विचारलंबी नाय गं मी. उद्या हिच्यासाठी झिंगे आणशील, तवा तुझ्यापुरतेबी आण. येगळी कढई घे."

"तुम्हाला वास सोसायचा नाय, मामा." तिचे डोळे भरून आले होते.

"मी गॅलरीत बसून जेवीन. तू पोटभर खा."