श्वासापुरती फट

"अगं, पिंजऱ्याची एक बाजू तरी मोकळी सोड!" खिडकीचे गज धरून नवरा ओरडला आणि तेवढ्यानंच त्याला खोकल्याची उबळ आली.

"तुम्ही आधी आत जाऊन पडा," ती अंगणातून म्हणाली. दातांत सुतळी असल्यामुळे निम्मे शब्द तिथंच अडकले.

दुपारपर्यंत वादळ धडकणार, असं रेडिओ सकाळपासून घसा कोरडा करून सांगत होता. सगळी गल्ली खिडक्यांना फळ्या ठोकत होती आणि ही बाई सशांच्या पिंजऱ्यापाशी ठाण मांडून बसली होती. ससे दोन. भोपळ्या म्हातारा, ठमी त्याच्याहून लहान. दोन्ही नवऱ्याचे जीव की प्राण. पण त्याला दमा. सशाचा एक केस नाकात गेला, तरी जीव कासावीस व्हायचा. म्हणून ससे अंगणात आणि तो खिडकीत, असा त्या तिघांचा संसार होता. दम्यानं नोकरी सुटल्यापासून तो दिवसभर त्यांच्याशीच बोलायचा. त्यांना काही झालं तर हा माणूस खचेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती कारखान्यात ट्रकच्या ताडपत्र्या शिवायची. तिची शिवण गळली, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. तिनं पिंजरा भिंतीच्या आडोशाला ओढला, खाली विटा सारल्या, त्याचे पाय भिंतीतल्या कड्यांना आवळून बांधले, आत वाळलं गवत भरलं. मग ताडपत्री चढवली आणि चारही बाजूंनी दाभणानं शिवून टाकली.

पाऊस आला तो आडवाच. घरात येऊन तिनं डोकं पुसलं.

"थेंब जायचा नाही आत," ती ऐटीत म्हणाली.

"आणि हवा?"

"छपरावरची कौलं उडवणारी हवा म्हणताय? ती बाहेरच बरी."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. धप. धप. घाबरलेला ससा मागच्या पायानं फळी बडवतो, तसा. नवरा भिंतीला कान लावून बसला. थोड्या वेळानं आवाज बंद झाला.

"बघा, झाले शांत."

"शांत नाहीत झाले." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "श्वास पुरेना झाला ना, की हातपाय झाडायचं सुटतं. मला विचार."

तिनं कात्री उचलली. तोही उठायला लागला.

"उंबरा ओलांडलात तर याद राखा," असं म्हणून ती वाऱ्यात शिरली.

भिंतीकडच्या बाजूला तिनं शिवणीत कात्री खुपसली. शिवण हटेना. दुहेरी टाका, मेण लावलेली सुतळी. स्वतःच्या हातांना शिव्या घालत तिनं ती टाक्याटाक्यानं उसवली. आतून कोंदट, गरम वाफ तोंडावर आली. पाठोपाठ ठमीचं नाक बाहेर आलं, भराभरा हलणारं. भोपळ्या गवतात आडवा पडला होता.

उसवलेली बाजू आता वाऱ्यानं फडाफडा आपटायला लागली. तिनं ती दोन्ही हातांनी वर धरली, पावसाकडे पाठ केली आणि फटीसमोर उभी राहिली. खांदे भरून आले, बोटं बधिर झाली, पण ती हलली नाही. वारा पडेपर्यंत तशीच उभी होती.

पाऊस ओसरला तेव्हा नवऱ्यानं खिडकी उघडली.

"भोपळ्या गेला," ती म्हणाली. "माझ्यामुळे गेला."

तिनं भोपळ्याला उचलायला हात घातला.

"लगेच नको उचलू," तो म्हणाला. "ठमीला बघू दे. नाही बघितलं तर कोपरान्‌कोपरा शोधत बसेल, खाणंपिणं टाकेल. बघितलं, की मग कळेल तिला. हळूहळू खायला लागेल."

ठमी भोपळ्याचा कान चाटत होती. बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. ओठ निळसर पडलेले, एकेका शब्दासाठी छाती वरखाली होणारी. तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही.

"तिला वेळ लागेल हो," ती म्हणाली.

"लागू दे. पण तू खायला घालत राहा तिला."

ती ओल्या फरशीवर मांडी घालून बसली आणि गवताची मूठ ठमीपुढे धरली. ठमीनं तोंड फिरवलं. तिनं हात मागे घेतला नाही.