सिल्व्हर ओकची दाढ

वृक्ष हा पृथ्वीने आकाशाला दिलेला शब्द आहे. युगे ढळतात, साम्राज्ये ढळतात, मनुष्याची मती तर दर निवडणुकीला ढळते. परंतु वृक्ष ढळत नाही. ऊर्ध्वबाहू, मौनव्रती, अचल असा तो दिशांच्या सभामंडपात उभा राहतो, आणि साक्षात काळ त्याच्यापुढे पादत्राणे काढून बसतो.

डॉक्टर अच्युत घारपुऱ्यांच्या परसातला वृक्ष निजायच्या खोलीकडे कलला होता. अंमळच. पण कलला होता.

पाचगणीवर वैशाखाची अखेरची उन्हे उतरत होती. ताम्रवर्ण, श्रांत, धुळीने जडावलेली उन्हे. खाली कृष्णेच्या खोऱ्यात ढगांचे कळप गोळा होऊ लागले होते. चरत चरत, निमूट, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने ते कड्याच्या काठाशी येत, वर डोकावत आणि पुन्हा खाली बसत. वारा अजून आला नव्हता. वाऱ्याचा निरोप्या मात्र येऊन गेला होता.

त्या निरोपाने सिल्व्हर ओकची पाने उलटत होती. वरून गर्द हिरवी, खालून रुपेरी, अशी ती द्विमुखी पाने! झुळूक आली की अवघा वृक्ष पांढराफटक पडे, वाईट बातमी समजल्यासारखा; झुळूक सरली की पुन्हा हिरवा होई, बातमी खोटी ठरल्यासारखा.

आणि डॉक्टर त्या हिरव्यावर विश्वास ठेवत.

डॉक्टर दातांचे. उभी हयात त्यांनी परक्यांच्या मुखगुहेत डोकावण्यात घालवली. दवाखाना बंद केला तेव्हा पाहण्याजोगे एकही तोंड उरले नाही, म्हणून त्यांनी झाडाकडे पाहिले. खोडाला कमरेएवढ्या उंचीवर ढोली होती. काळीशार, ओलसर, आतून पोखरत गेलेली. डॉक्टरांचे हात शिवशिवले. त्यांनी ती ढोली कोरली, घासली, पोटॅशच्या पाण्याने धुतली आणि सिमेंट-वाळूने काठोकाठ भरली. वरून थापीने असा काही गुळगुळीत घाट दिला, की त्यांच्या पत्नी कुमुदताई खिडकीतून म्हणाल्या, "आता चावून बघायला सांगा त्याला."

त्याला वर्षे झाली. तेव्हापासून त्या छायेखाली, त्या खिडकीशी लावलेल्या पलंगावर, कुमुदताई नवऱ्याच्या शब्दाची चादर पांघरून निजत होत्या. वादळात फांद्या कौलांवर नखे घासत, तेव्हा डॉक्टर म्हणत, "झोप गं. मी भरलंय ते." आणि त्या झोपत.

या वर्षी मात्र वृक्षाला कंठ फुटला. वारा नसताना, पान हलत नसताना, खोडाच्या गर्भातून एक संथ, कोरडी, करकरती कण्हणी येऊ लागली.

"अहो, ते झाड दात खातंय."

"जंत झाले असतील," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी कूस बदलली.

कूस बदलली, पण डोळा लागला नाही. कारण त्यांनी पाहिले होते. मुळाशी, पाचोळ्याच्या आडोशाला, तपकिरी मांसल अळंबी उगवली होती. एकावर एक चढलेली, कानांच्या आकाराची. जणू भूमी खोडाला कान लावून आत काय चालले आहे ते ऐकत होती. डॉक्टरांनी काठीने ते कान पाडले आणि वर पाचोळा लोटला. मग भरलेल्या सिमेंटच्या कडेने केसाएवढी फट दिसली. तिच्यावर त्यांनी गेरूचे बोट फिरवले.

किती रोगी त्यांच्या खुर्चीत बसून सुजल्या गालाने म्हणाले होते, "नाही हो, दुखत नाही!" त्या असत्याची डॉक्टरांना नेहमी गंमत वाटे. ते इतके सुलभ, इतके शीतल, इतके तोंडात विरघळणारे असते, हे त्यांना आता कळले.

अखेर कुमुदताईंनी नवऱ्याला न विचारता वाईहून रेणुका भिलारेला बोलावले. झाडे तपासणे हाच तिचा व्यवसाय. तिने त्याचे रीतसर शिक्षण घेतले होते, आणि निदान सांगताना आवाज खाली आणण्याची तिला सवय नव्हती.

ती येणार त्या सकाळी डॉक्टरांनी वृक्षाला छातीपर्यंत गेरूने न्हाऊ घातले. वर चुन्याचा शुभ्र पट्टा ओढला. आरक्तवसन, श्वेतमेखल, किंचित मान कलती केलेला तो वृक्ष लाजल्यासारखा दिसू लागला.

"झाली का पावडर लावून?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "पोहे टाकू?"

रेणुका आली. पोहे खाल्ले, वर लिंबाची फोड मागून घेतली, आणि मुलगी बघायला आलेल्या थोरल्या आत्याच्या नजरेने वृक्षाभोवती फिरली. डोक्यापासून पायापर्यंत. पायापासून डोक्यापर्यंत.

"काका, हे पहिल्यापासून असंच कललेलं?"

"उपजतच," डॉक्टर म्हणाले.

"मी लग्न होऊन आले तेव्हा सरळ होतं," कुमुदताई म्हणाल्या.

रेणुका पलीकडच्या अंगाला वाकली. तिथे जमीन उचलली गेली होती. खालून कुणीतरी हलकेच खांदा लावावा तशी. मातीला बारीक भेगा गेल्या होत्या. मग तिने मुळाशी बसून पाचोळा सारला.

"इथली अळंबी कुणी खुडली?"

कावळ्यानेही मत दिले नाही.

"गुरं शिरतात अधूनमधून," डॉक्टर म्हणाले.

"काठी घेऊन शिरतात," कुमुदताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी चमकून त्यांच्याकडे पाहिले. कुमुदताईंनी पदराने कपाळ टिपले आणि वर पाहिले. वर ओक पांढरा झाला होता.

मग रेणुकेने लाकडी हातोडी काढली आणि खोडावर ठोके घालू लागली. ठण्. सजीव, सघन, रसभरला नाद. ती एक पाऊल सरके, पुन्हा ठोका घाली. ठण्. ऊन थबकले. ठण्. ढगांचा कळप कड्याशी येऊन उभा राहिला आणि या वेळी खाली बसला नाही.

ढब्.

तो नाद रेणुकेच्या आधी डॉक्टरांना कळला. आरशाच्या दांडीने दाढेवर टिचकी मारून त्यांनी आयुष्यभर हाच नाद ऐकला होता, आणि ऐकताच समोरच्याच्या मुखाकडे न पाहता चिमट्याकडे हात नेला होता. त्या नादाला उत्तर नसते. तो नाद म्हणजे घर उभे आणि माणसे गेलेली.

रेणुकेने पोलादी सळई घेतली. सिमेंटच्या कडेची फट शोधली. गेरूचा पापुद्रा मुकाट गळून पडला. सळई आत गेली. आत गेली, आणि जात राहिली. विरोध नाही, अडथळा नाही. अंधाराने तिला ओळखीच्या पाहुण्यासारखे आत घेतले. बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला तपकिरी ओला भुगा होता, आणि त्याला तो जुना, गोडसर, कुजका दर्प होता. सवयीने डॉक्टरांच्या ओठांवर शब्द आले: चूळ भरा.

"हे सिमेंट कुणी भरलं?"

"आमच्या घरात भोकं भरणारा एकच माणूस आहे," कुमुदताई म्हणाल्या.

रेणुकेने सिमेंटवर हातोडी मारली. घंटेसारखा स्वच्छ, निर्मळ निनाद उठला.

"झाड वाऱ्यात डोलतं, काका. हा गोळा डोलत नाही. इतकी वर्षं आतल्या आत घासाघास चाललीय. पाणी मुरलं, ते कोंडून राहिलं. कीड तुम्ही बाहेर नाही ठेवलीत, आत ठेवून दार लावलंत." मग तिने बोटाने तो घाट चाचपला, आणि तिला खोटे बोलवेना. "काम मात्र एक नंबर आहे. कुठे तडा नाही, कुठे टवका नाही. झाड तेवढं गेलंय."

आणि त्या क्षणी, त्या भयाण, ढगांनी निरखल्या क्षणी, डॉक्टरांच्या मुखावर एक अस्पष्ट, अनावर, सूर्यकिरणासारखे स्मित उमटले.

निमिषभरच. पण कुमुदताई नेमक्या त्यांच्याकडेच पाहत होत्या.

"पडलं तर कुठे पडेल?" त्यांनी रेणुकेला विचारले.

"खिडकीवर. आत पलंग आहे ना, त्यावर."

"माझी बाजू की यांची?"

"खिडकीकडे कोण झोपतं?"

कुमुदताई शांतपणे वळल्या, पोह्यांची बशी उचलली आणि आत गेल्या. दार त्यांनी आपटले नाही. आपटले असते तर डॉक्टरांना बरे वाटले असते.

"उद्या सकाळी दोरवाले घेऊन येते," रेणुका सामान आवरीत म्हणाली. "शेंड्यापासून तुकडे करत उतरवू. परवानगीचं मी आजच बघते. तोवर मागच्या खोलीत कुणीही पाऊल टाकायचं नाही, काका. रिकामं कवच आहे ते. जोराचा वारा आला तर उद्याची वाट बघणार नाही."

ती गेली, आणि दिवस कलताना वारा आला.

ढग कड्यावरून आत लोटले. त्यांनी कुंपण गिळले, तुळस गिळली, धुण्याची दोरी गिळली. पाने उलटली आणि उलटीच राहिली. वृक्ष पांढरा झाला आणि पांढराच राहिला. त्याच्या उदरातून ती करकर आली, दीर्घ, सावकाश, पिढ्यान् पिढ्यांचे काही तरी चघळत असल्यासारखी. ढगांच्या फटीतून आलेल्या शेवटच्या किरणात त्याची सावली खिडकीतून आत शिरली आणि पलंगावर आडवी झाली. खिडकीकडच्या बाजूला. उशापासून पायथ्यापर्यंत.

डॉक्टर ती सावली पाहत राहिले. ती तिथे किती सहज मावत होती! जणू इतकी वर्षे ती रोज मापे घेत होती.

तेव्हा त्यांच्या अंतःकरणात पश्चात्तापाचा महासागर उसळला. शब्दांवर शब्द चढले, लाटांवर लाटा. क्षमायाचनेचे एक भव्य, अलंकारमंडित भाषण सिद्ध झाले: 'कुमुद' असा त्याचा आरंभ होता, 'तुझा विश्वास' असा त्याचा मध्य होता, आणि शेवटी कंठ दाटून येण्यासाठी थोडी जागा सोडलेली होती. ते भाषण छातीशी धरून, काठोकाठ भरलेल्या कलशासारखे सांभाळीत, डॉक्टर घराला वळसा घालून पुढच्या खोलीच्या दाराशी आले.

कुमुदताईंनी दिवाणावर अंथरूण घातले होते. एकटीचे.

डॉक्टरांनी ओठ उघडले. मागे, धुक्याच्या पोटात, वृक्षाने पुन्हा दात खाल्ले. कौले थरथरली, दिवा लवला आणि सावरला.

कुमुदताई चादरीचा कोपरा खोचत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही.

"अहो, माझी उशी तेवढी आणून द्या ना. पलंगावरच राहिलीय."