बयनाबाईची तिथी

दिल्लीच्या गादीवरच्या केसरीनाथजींचा आठवडा आदिलाबादकडच्या आमच्या इचोड्यातल्या लहान पोरांनाही पाठ होता. सोमवारी दिल्लीत बैठका, बुधवारी लोकांच्या तक्रारी, गुरुवारी देशातल्या कुठल्यातरी गावात बाजारफेरी आणि रविवारी सकाळी टीव्हीवर भाषण. बाजारफेरीत ते एखाद्या दुकानात शिरायचे, कर उतरल्यामुळे स्वस्त झालेली एखादी वस्तू खिशातून पैसे काढून विकत घ्यायचे, दुकानदाराच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि रविवारी त्याच दुकानदाराची गोष्ट साऱ्या देशाला सांगायचे.

साबण, तेल, मंजन, वह्या यांच्यावरचा कर खरंच उतरला होता, खोटं कशाला बोलू? फक्त गिऱ्हाईक वाढलं नव्हतं. ते हायवेवरच्या मोठ्या मार्टमध्ये जायचं, आणि तिथंही कर तेवढाच उतरला होता.

माझं भांड्यांचं दुकान आहे. समोर सुधाकररावांचं किराणा-जनरल. पुढे दुकान, मध्ये पडदा, पडद्यामागे घर. घरात ते, त्यांची बायको सुनयनावहिनी आणि म्हातारी आई बयनाबाई. बहीण शुभांगी बेल्लमपल्लीला दिलेली, नवरा खाणीत कामाला. माणूस वाईट नाही सुधाकरराव. पण आयुष्यभर गल्ल्यामागे बसून कोणी दोनदा वळून पाहिलं नाही, याची त्यांना आतून खंत होती. अशा माणसाच्या दुकानात एकदम दिल्लीचे साहेब येणार असं ठरलं की त्याचं काय होतं, ते मी समोर बसून पाहिलं.

केसरीनाथजींच्या पक्षाचा इथला कार्यकर्ता देवानंद एक दिवस साहेबांची माणसं घेऊन आला. त्यांनी अख्खा बाजार पाहिला आणि सुधाकररावांचं दुकान ठरवलं. जुनं आहे, स्वच्छ आहे, रस्ता रुंद आहे. मग काय विचारता! जुन्या भावाचा माल आत गेला, उरलेल्यावर नव्या भावाच्या चिठ्ठ्या लागल्या, नालीत पांढरी पावडर पडली, गल्लीतली कुत्री गाडीत घालून नेली. सुधाकररावांनी पांढरा शर्ट शिवला. देवानंद त्यांना रोज हसायची तालीम द्यायचा, आणि मी माझ्या दुकानातून ओरडायचो, "भाऊ, दात कमी दाखवा, मंजनाची जाहिरात वाटून राह्यली!" तेही हसायचे. ते हसणं खरं होतं.

त्याच आठवड्यात बयनाबाईनं अंथरूण धरलं. मंगळवारी तिनं जेवण सोडलं. बुधवारी दिवेलागणीपासून तिची एकच रट सुरू झाली, "शुभीले बलाव. मायी शुभी कुठी हाय?"

हे पुढचं सुनयनावहिनींनी नंतर माझ्या बायकोला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, फोन करा नं. पहाटंच्या बसनं निघंल ते."

"उद्याचं उरकू दे," सुधाकरराव म्हणाले. "ते रडत येईन, घरात गोंधळ व्हईन. रस्ते बी बंद राहतात. साहेब गेले का लगेच बलावतो."

"अन् तोवर काई झालं तं?"

"काई होत नाई. आई अशी कितीकदा पडली अन् उठली."

बयनाबाई शुभीचं नाव घेत राहिली. गुरुवारी सकाळी, चहाचं आधण चुलीवर असताना, तिनं ते नाव घेणंही थांबवलं.

आमच्याकडे माणूस गेलं की घरातली बाई हंबरडा फोडते. त्यानंच गल्लीला कळतं. समोरचा माणूस हातातलं काम टाकून धावतो, दुकानाचं शटर खाली येतं, मढं उठेपर्यंत शेजारी चूल पेटत नाही. फोन आले, मोबाईल आले, तरी मरणाची बातमी आमच्या बाजारात अजून तशीच पोचते. वहिनींनी सासूच्या नाकाजवळ हात नेला, कळलं, आणि त्यांचं तोंड उघडलं. सुधाकररावांनी त्या तोंडावर हात दाबला.

"दोन घंटे," ते म्हणाले. हात काढला नाही. "फक्त दोन घंटे थांब. सारे लोक येऊन बसलेत. आता कळलं तं पोलीस दुकान बंद करतीन, साहेब दुसऱ्या गल्लीत जातीन. आई का वापस येणार हाय?"

वहिनी रडल्या नाहीत. पदर दातात धरून सासूच्या पायाशी बसून राहिल्या. मी समोर माझ्या दुकानाच्या दारात उभा होतो, आणि गल्लीतला पोलीस मला तेलुगूत दटावत होता, "बयटिकी रावद्दु." बाहेर येऊ नका म्हणे. कोण येणार होतं बाहेर? मला वाटलं, सुधाकरराव घाबरलेत म्हणून चेहरा असा पांढरा पडलाय. मी हात हलवून त्यांना धीरसुद्धा दिला.

दोन घंट्यांचे चार झाले. दिल्लीची माणसं वेळ पाळतात असं कोण म्हणतं! शेवटी गाड्या आल्या, कॅमेरे आले, फुलं उडाली आणि केसरीनाथजी दुकानात शिरले. उंच माणूस, आवाज मऊ. त्यांनी खोबरेल तेलाची बाटली उचलली.

"भाईसाहब, दाम सचमुच घटे?"

"घटे, साहब."

"मेरी माँ भी यही तेल लगाती थीं," ते म्हणाले. पैसे दिले. खांद्यावर हात ठेवला. "घर में कौन-कौन हैं?"

"पत्नी है. माताजी हैं."

"माताजी के दर्शन करा दीजिए."

सुधाकरराव पडद्यापुढे आडवे झाले आणि म्हणाले, "सो रही हैं, साहब. तबियत ठीक नहीं."

साहेबांनी पडद्याकडे तोंड करून हात जोडले, मान वाकवली. कॅमेऱ्यांनी ते टिपलं. सुधाकरराव बाजूला उभे राहून हसले, तालमीत शिकवलं होतं अगदी तसं.

गाड्यांचा आवाज हायवेकडे विरला आणि मग आतून हंबरडा आला. मी धावलो. सगळी गल्ली धावली. वहिनी अशा रडत होत्या की आमच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. इतकं रडं एका क्षणात कुठून येतं?

"कवा गेली?" मी विचारलं.

सुधाकरराव माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत म्हणाले, "आत्ताच. साहेब गेले अन्..."

"साहेबांची वाट पाहून राह्यली होती माय," देवानंद मागून म्हणाला. त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. तो खोटा रडत नव्हता, त्याला ते खरंच वाटत होतं. "आशीर्वाद देऊन गेली."

सुधाकरराव काही बोलले नाहीत. इथं ते बोलले असते, तर मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

आंघोळ घालायला जयवंताबाई आल्या. गल्लीतल्या साऱ्या मेलेल्यांना त्याच न्हाऊ घालतात. त्यांनी बयनाबाईचा हात सरळ करायला घेतला, तो होईना. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान खाली घातली. जयवंताबाई फक्त म्हणाल्या, "साबण दे, बाई." वहिनींनी पुढच्या फळीवरून साबण आणून दिला. त्यावर नव्या भावाची चिठ्ठी तशीच होती.

शुभांगी दिवस कलताना आली. तिच्यासाठी तिरडी थांबवली होती. आईच्या तोंडावरून हात फिरवत तिनं विचारलं, "दादा, लय तरास झाला का रे तिले?"

"नाई. झोपेतच गेली."

दुसऱ्या दिवशी राख सावडायच्या वेळी गुरुजींनी वेळ विचारली. अष्टमी गुरुवारी सकाळी, चहाच्या वेळेनंतर संपली होती, मग नवमी लागली. सुधाकरराव म्हणाले, "दुपारी." गुरुजींनी नवमी धरली. बाईमाणसाचं उभं आयुष्य कोणी लिहून ठेवत नाही. मेल्यावर वर्षातून एक दिवस तेवढा तिच्या नावाचा असतो, आणि बयनाबाईचा तोही तिच्या पोरानं सरकवला. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. आता लिहितानाही माझं डोकं तडकतं.

रविवारी सकाळी आम्ही सुतकाच्या घरी बसलो होतो. देवानंद मोबाईल घेऊन धावत आला. "भाऊ, ऐका! साहेब मायबद्दल बोलून राह्यले!" त्यानं आवाज मोठा केला. केसरीनाथजी सांगत होते की, आदिलाबादच्या एका छोट्याशा बाजारात एका मातेनं पडद्याआडून त्यांना आशीर्वाद दिला. ती म्हणाली, बेटा, देश का भला करो. आणि मग तिनं समाधानानं डोळे मिटले. हे वाक्य त्यांच्यापर्यंत कोणी पोचवलं, देवानंदनं की आणखी कोणी, कोणास ठाऊक. बसलेल्यांपैकी दोघांनी डोळे पुसले.

शुभांगी भिंतीला टेकून बसली होती. ती सरळ झाली.

"दादा, तू तं म्हणला होता झोपेत गेली. बोलली होती का आई?"

सुधाकरराव चटईची काडी उपसत राहिले. "बोलली. थोडंसं."

"मायं नाव घेतलं?"

मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून मला वाटलं, हो म्हणा ना, खोटं असलं तरी म्हणा, पोरीच्या जिवाला तेवढंच बरं वाटेल. आता कळतं, हो म्हणणं किती अवघड होतं. हो म्हटलं असतं, तर कधी घेतलं, मग फोन का नाही केला, असा एकेक टाका उसवत गेला असता.

"नाई," सुधाकरराव म्हणाले.

सुनयनावहिनी उठून आत गेल्या.

शुभांगी तेरवीपर्यंत राहिली, काम केलं, पण कोणाशी धड बोलली नाही. निघताना वहिनींनी सासूचं हिरवं लुगडं तिच्यापुढे धरलं. लेकीला आईचं लुगडं द्यायची रीत आहे. तिनं ते परत सरकवलं. "त्या परक्या माणसाले आशीर्वाद देला, अन् मी आठवली नाई. काय करू मी लुगडं नेऊन?" असं म्हणून ती बसमध्ये बसली. वहिनी लुगडं छातीशी धरून स्टँडवर उभ्या होत्या. माझी बायको सोबत होती. त्या दिवशी घरी येताना वहिनींनी तिला सगळं सांगितलं, आणि रात्री तिनं मला.

मी सुधाकररावांशी भांडायला हवं होतं, पण भांडलो नाही. समोरासमोर दुकान, रोजचं तोंड बघणं. मी फक्त त्यांच्याशी थट्टा करायची सोडली. त्यांनी कारण विचारलं नाही.

पक्षाकडून तो फोटो मोठा करून आला. हात जोडलेले साहेब, शेजारी पांढऱ्या शर्टात हसणारे सुधाकरराव, मागे पडदा. त्यांनी तो गल्ल्याच्या वर लावला. सुरुवातीला लोक बघायला यायचे आणि बघता बघता पावशेर साखर घ्यायचे. मग तेही थांबलं. गिऱ्हाईक परत मार्टमध्ये गेलं. दर गुरुवारी केसरीनाथजी दुसऱ्या कुठल्या गावी जात राहिले, दर रविवारी दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगत राहिले.

वर्षश्राद्ध आलं. सुधाकररावांनी बहिणीला फोन केला, तेव्हा मी मिठाचा पुडा घ्यायला गेलो होतो. "शुभे, नवमीले ये बाप्पा," ते म्हणाले. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, पण फोन बंद करून तो त्यांनी हातातच धरून ठेवला. "नाई म्हणते," एवढंच बोलले. मला त्यांचा राग होता, तरी त्या वेळी त्यांची कीव आली.

नवमीच्या स्वयंपाकासाठी त्यांना पितळेचं मोठं पातेलं हवं होतं. मी ते आदल्या दिवशी दुपारी पोचवायला गेलो. सुधाकररावांनी पडदा बाजूला केला, "आत ठेवून दे," म्हणाले, आणि तिथंच थबकले.

देवाजवळ पाट मांडलेला होता. पाटापुढे पान वाढलेलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, उडदाचं वरण, सगळं बयनाबाईच्या आवडीचं. पाटावर घडी केलेलं हिरवं लुगडं. एका बाजूला सुनयनावहिनी, दुसऱ्या बाजूला शुभांगी. ती कधी आली, आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. मागच्या दारानं आली असणार.

"शुभे?" सुधाकरराव म्हणाले. "तू तं येत नाई म्हणली होती. अन् हे आज काऊन? आज तं..."

आज अष्टमी होती, बयनाबाई खरी गेली ती तिथी. त्यांनी बायकोकडे पाहिलं. वर्षभर तोंडावर हात असल्यासारख्या गप्प राहिलेल्या वहिनी त्यांच्याकडे सरळ बघत होत्या.

शुभांगीनं पानाला हात जोडले. लुगडं उचललं, कपाळाला लावलं आणि आपल्या पिशवीत ठेवलं. मग ती उठली, चपला पायात घातल्या. भावाला ती काहीच बोलली नाही, शिवी नाही, शाप नाही. मला वाटतं, ती दोन शब्द बोलली असती तर सुधाकरराव तिच्या पायावर पडले असते, आणि त्यांना तेच हवं होतं.

मी पातेलं हातात धरून कोपऱ्यात उभा होतो. ठेवायला जागा सुचेना.

ती दारापर्यंत पोचली तेव्हा सुधाकररावांच्या तोंडून कसाबसा आवाज निघाला.

"उद्याचा दिवस थांब नं, शुभे."

शुभांगी वळली.

"उद्या काय हाय?" तिनं विचारलं.