कलरीमीटरच्या नळीला कुंकू

मित्रांनो, परभणीच्या एका शेती कॉलेजात, खिडकीपाशी, जुना टॉवेल पांघरून बसलेला, पाण्याचा रंग मोजणारा कलरीमीटर म्हणजे मी. पोटात दिवा, डोक्यावर काचनळीचं भोक, कपाळावर काटा; नळीत उजेड जितका अडेल, तितका तो वर. एवढाच माझा संसार.

मोड आलेल्या ज्वारीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते पिष्ट खातं. पिष्टात आयोडीन टाकलं की पाणी निळंशार होतं. विकर जेवलेलं असलं की निळं विरतं आणि माझा काटा खाली उतरतो. काटा जितका झरझर उतरेल, तितकी विकराची भूक मोठी. मोठ्या प्रयोगशाळांत अशा मोजणीला कधी कधी किरणोत्सारी खुणा लागतात म्हणे. मला बापड्याला नुसता रंग पुरतो.

पंचवीस वर्षं माझं कौतुक झालं. मग माणिकराव सर नव्या यंत्रांची चित्रं बघत बसू लागले आणि मला पाहून उसासे टाकू लागले.

खंडेनवमीला शिपाई आश्रुबांनी मला पुसलं, झेंडू वाहिला, तेलात कालवलेलं कुंकू लावलं. माझी रोजची नळीही सोडली नाही.

सुट्टी संपली आणि चारठाण्याची भक्ती आली. तिच्या प्रबंधाची शेवटची मोजणी होती.

"सर, निळं उडून पाणी पिवळं झालं, अन् काटा वरच बसलाय!"

"डोळे गेले त्याचे. उद्या भंगारात देऊ."

"मग माझी मोजणी?"

"पुढच्या वर्षी."

भक्तीचा चेहरा पडला. माझा दिवा थरथरला.

"आसं कसं साहेब?" आश्रुबा कळवळले. "परवाच लय मनापासून पूजा केली त्याची. नळीच्याबी पायाला कुंकू लावलं."

भक्तीनं नळी उपसून फिरवली. तळाशी, जिथून माझा उजेड पार जातो, नेमका तिथंच नखाएवढा टिळा!

"मामा! याच्या डोळ्यावर पट्टी बांधली की तुमी!"

"मला काय म्हाईत बाई, त्याचा डोळा पायाशी हाय!"

भक्तीनं ओढणीनं नळी पुसली, पुन्हा मोजलं. सासुरवाशीण माहेरच्या वाटेला लागावी तसा माझा काटा खाली पळाला. सरांनी भंगाराच्या यादीतून माझं नाव खोडलं.

मित्रांनो, यंत्रांवर माया जरूर करा, पण उजेडाची वाट तेवढी मोकळी ठेवा. आश्रुबा आता कुंकू माझ्या झाकणालाच लावतात. आणि मला आंधळा म्हणणाऱ्या सरांच्या चष्म्याच्या डबीलाही एक ठिपका. फक्त डबीला. काचेला नाही.