डाव्या कडेचं घड्याळ

घड्याळ जागेवर नव्हतं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, जिथे ते गेली सात वर्षं होतं, तिथे नुसता निळा रंग होता… वनितानं सवयीनं हनुवटी खांद्याला टेकेल इतकी मान वळवून तिथे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मान सरळ करताना ते तिला दिसलं. डाव्या कडेला, वर, ठळक आकड्यांत. नऊ वाजून बारा मिनिटं. त्याच्याखाली एकाखाली एक फाइलींचं चित्र, नोंदवहीचं, छपाईचं, पूर्वीपेक्षा दुप्पट मोठी. म्हणजे घड्याळच काय, तळाच्या पट्टीचं सबंध पॅनेल कुणीतरी उचलून डावीकडे उभं केलं होतं, आणि ते काल, ती नसताना.

वेल्ह्याच्या या खोलीत, डोंगरवाड्यांतल्या शेळ्यामेंढ्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या केंद्रात, कॉम्प्युटर एकच. कुणा देणगीदाराच्या घरून आलेला, आधीच म्हातारा. नेहमीची सिस्टीम त्याला झेपेना, म्हणून पुण्याहून आलेल्या एका मुलीनं त्यावर हलकी लिनक्स चढवून दिली आणि जाताना म्हणाली, ताई, हिच्यात सगळं तुमच्या मनासारखं लावता येतं. मनासारखं! वनिताला तेव्हा हसूच आलं होतं. बुद्धभूषणशी लग्न होऊन ती सासरी आली तेव्हापासून फडताळातला एक डबासुद्धा तिच्या मनासारखा लागला नव्हता. आधी सासूबाईंची पद्धत, मग जावेची. पण इथे माउसचं उजवं बटण दाबून, चुकत, पुसत, एकदा तर सगळं पॅनेलच उडवून घाम फोडून घेत ती शिकली. कोणतं चित्र कुठे, घड्याळ किती मोठं, मधल्या रेघा किती. ही एक वीतभर पट्टी तिची होती. तिला हात लावायचा म्हणजे वनिताच्या ट्रंकेला हात लावायचा.

आणि काल ती कुठे गेली होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मावसबहिणीचा साखरपुडा म्हणून सांगितलं होतं, साडीही तशीच नेसली होती, आणि त्या साडीत ती पुण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसली होती. मधल्या टिपक्याकडे बघायचं, बाजूला कुठे उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. ती दाबत राहिली. उजेड दिसेना तेव्हा यंत्राच्या आवाजावर दाबलं, अंदाजानं दाबलं… परीक्षेत नापास होऊ नये म्हणून शेजारणीच्या पेपरात बघावं तसं. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही मशीनला फसवताय, पण ते फसलेलं नाही." कागदावर दोन वर्तुळं होती आणि दोन्हींची उजवी बाजू काजळी धरल्यासारखी काळी. नस सुकत चाललीय म्हणाल्या. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं थेंबांनी राखायचं.

बुद्धभूषणला तिनं चष्म्याचा नंबर वाढला एवढंच सांगितलं. तो पानशेतच्या हॉटेलांना टेम्पोनं माल पोचवतो, दमून येतो. त्याला सांगितलं असतं तर तो रडला असता, आणि मग तिलाच त्याची समजूत घालावी लागली असती. संस्थेत सांगायचा तर प्रश्नच नव्हता. उद्या गुरुवारी पुण्याचे साहेब येणार होते आणि टेबलाचं काम पुढे कुणाकडे ठेवायचं ते ठरणार होतं, तिच्याकडे की छायाकडे. एकच टेबल, एकच खुर्ची. बारा वर्षं ती त्या खुर्चीवर होती. या खोलीतून उठली की मग… घर. जावेच्या फडताळासमोर.

तर पॅनेल कुणी हलवलं? चावी तिघांकडे: ती, छाया आणि देखरेख करणारे धनाजीभाऊ. पासवर्ड तर पडद्यालाच चिकटवलेल्या चिठ्ठीवर, म्हणजे सगळ्या गावाला खुला. धनाजीभाऊंना कॉम्प्युटर सुरू करायचा तर ते आधी त्याला नमस्कार करतात. पण गेल्या महिन्यात चुकीच्या नोंदींचा कागद घेऊन तेच आले होते. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर बारा आकडी. तिनं चढवलेल्या तीन नोंदींत अकराच. शेवटचा, उजवीकडचा आकडा गळालेला. "बोट घसरलं आसंल," धनाजीभाऊ म्हणाले होते. ती घाईनं व्हय म्हणाली, आणि घाई केली हेच चुकलं असं तिला रात्रभर वाटत राहिलं.

की पॅनेल आपोआप सरकलं? कुणाचा तरी हात लागून? तिनं बाण नेऊन तपासलं. 'पॅनेल लॉक करा' पुढची खूण काढलेली होती. बरं, आडवं पॅनेल उभं केलं की क्रम तसाच राहतो, तिला माहीत होतं. पण मग शेवटचं घड्याळ तळाशी जायला हवं होतं. ते सगळ्यात वर होतं. म्हणजे मुद्दाम नेलेलं. तिनं नोंदवही उघडली, आणि खिडकी बंद करायची फुलीसुद्धा डाव्या कोपऱ्यात आलेली. ही फुली पॅनेलच्या हुकमात नाही, तिचं ठिकाण वेगळं आहे, शोधून काढावं लागतं. कुणीतरी अर्धा तास तरी या खुर्चीवर बसून, एकेक गोष्ट उचलून…

उजवीकडून डावीकडे. हे तिच्या आत्ता लक्षात आलं. जे जे तिला मान वळवल्याशिवाय दिसत नव्हतं, तेवढंच हललं होतं. बाकीच्याला कुणी हात लावला नव्हता.

म्हणजे कळलंय.

दवाखान्यात कुणी पाहिलं का? स्वारगेटच्या एसटीत इकडचं कुणी होतं का? की ही चाचणीच आहे, उद्या साहेबांसमोर म्हणायचं, बघा, हिला आता सगळं डावीकडे लावून द्यावं लागतं… छायाच. दुसरं कोण. भोंगवलीहून स्कूटीनं येणारी, चार महिन्यांपूर्वी लस टोचायच्या कामाला लागलेली, हसऱ्या तोंडाची छाया. पहिल्याच दिवशी "जय भीम, ताई" म्हणत पाया पडली होती. वनिताला पाया पडणाऱ्या माणसांचा तसाही भरवसा वाटत नाही. आणि मागे उभी राहून बघायची सवय तिला. काय बघतेस विचारलं तर म्हणायची, तुमचा हात किती भरभर चालतोय त्ये बघत्ये.

चहा! दिवाळीच्या आसपास वनिताच्या हातानं उजवीकडचा ग्लास कलंडला होता, छायाच्या रजिस्टरवर सगळा चहा. त्यानंतर चहा डावीकडे यायला लागला. कधीपासून? दुसऱ्याच दिवसापासून? तिला आठवेना. इतके दिवस ती डाव्या हातानं ग्लास उचलत होती आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, या गोष्टीचा तिला आता विलक्षण राग आला. तिच्या नकळत तिला कुणीतरी वागवत होतं.

साडेअकराला छाया आली, लशीचा डबा कोपऱ्यात ठेवला, येताना आणलेला चहाचा ग्लास वनिताच्या डाव्या हाताशी ठेवला, पदरानं तोंड पुसलं. "झाला का साखरपुडा? मुलगा काय करतो?"

"शिकतोय अजून," वनिता म्हणाली, आणि मग, आवाज शक्य तितका सपाट ठेवून, "काल कॉम्प्युटर कुणी चालू केला होता?"

"मी केलता की. नोंदी चढवायच्या व्हत्या दोन."

"पॅनेल हललंय."

"व्हय?" छाया डबा पुसत राहिली. "मला कुठं त्यातलं येतंय, ताई. हात लागला आसंल."

हात लागला! हात लागून फुली डावीकडे जाते? वनिताच्या अगदी ओठावर आलं होतं. पण विचारलं असतं तर छायानं उलट विचारलं असतं, डावीकडं केलं तर तुमाला काय अडचण आली? अडचण आली नव्हती. सकाळपासून तिची मान दुखली नव्हती, हेही तिला तेव्हाच कळलं.

तेवढ्यात दारात काठी वाजली. सावळामामा होते, राजगडाच्या अंगाच्या वाडीतले, शेळ्या राखणारे. त्यांची एक शेळी विकायची होती आणि घेणारा नोंदीचा कागद मागत होता. काठी भिंतीला लावून ते वनिताच्या समोर बसले आणि खिशातल्या कागदावरचा नंबर त्यांनी पुढे केला. तिनं नोंदवहीत शोधला. सापडला, पूर्ण बारा आकडी. पण ही नोंद तर त्याच आठवड्यातली, त्या तीन चुकांच्या आठवड्यातली… शेजारी बदलाची तारीख होती. कालची. तिनं वरच्या-खालच्या पाहिल्या. अकरा आकड्यांची एकही नव्हती. तीन नव्हे, नऊ नोंदींवर कालची तारीख होती, आणि नोंदवणारीचं नाव सगळीकडे वनिताच.

पुरावा गोळा करणारी माणसं चुका दुरुस्त करत नाहीत. की करतात? आधी यादी काढून घेतात आणि मग…

"ती तुमची भुरी शेळी व्हय ना?" ती उगाच बोलली, हात थांबले होते म्हणून. "डाव्या कानात बिल्ला असलेली?"

"न्हाई न्हाई, भुरी कुठं इकतोय. भुरीला एका अंगाचं दिसत न्हाई, तिला कोण घेणार." सावळामामा खुशीत आले, शेळ्यांबद्दल विचारलं की येतात तसे. "पर कळपात कुनाला कळायचं बी न्हाई बगा. आमी तिच्या आंधळ्या अंगाला येक दांडगी शेळी चालवतो. लहानपनापास्नं जोडी लावायची. भुरी तिच्या अंगाला घासून चालती, कड्याला बी जात न्हाई."

"आणि त्या दांडगीनं ढकललं तर?"

मामांनी तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "ढकलंल की. जनावर हाय. मंग भुरी गेली." त्यांनी टोपी सरळ केली. "पर आजवर ढकललं न्हाई."

छपाईचं चित्र डावीकडे तिसरं होतं. तिनं दाबलं, कागद निघाला, मामांनी तो चार घड्या घालून बंडीत ठेवला. जाताना ते वनिताच्या पलीकडे, भिंतीजवळ बघून म्हणाले, "येतो गं, पोरी."

"या मामा," छायाचा आवाज आला. उजवीकडून, हातभर अंतरावरून.

वनिता दचकली. तिला वाटत होतं छाया कोपऱ्यात डब्यापाशी आहे. ती इथे कधी आली? नंबर शोधताना? की भुरीची गोष्ट चालली होती तेव्हा? आज आली, की रोजच तिथे उभी असते आणि वनिताला त्या बाजूला फक्त भिंत आहे असं वाटत असतं… चार महिने? या खोलीत तिच्या उजवीकडे काय काय घडून गेलं असेल, याचा तिला काहीच पत्ता नव्हता, आणि ते सगळं या बाईला माहीत होतं.

"उद्या सायेब येणार न्हवं का," छाया म्हणाली. "धनाजीभाऊंनी मला वाडीवर जायला सांगितलंय. मी त्यांना म्हनलं, मी दुपारनं जाईन. सकाळी हितंच ऱ्हाते."

कशासाठी? उद्या साहेब समोर बसतील आणि ही इथे, उजवीकडे उभी असेल. आकडा गळाला तर सांगेल; कुणाला सांगेल, हे मात्र उद्याच कळणार.

अजून वेळ होता. पॅनेल दोन मिनिटांत खाली नेता आलं असतं, आडवं, घड्याळ कोपऱ्यात, फुली उजवीकडे. कुणाचे उपकार नकोत, मान दुखली तर दुखू दे. तिनं उजवं बटण दाबलं. यादी उघडली. बाण 'आडवं' या शब्दावर गेला, तिथे थांबला, आणि हळूहळू खाली आला. 'पॅनेल लॉक करा' पुढे तिनं खूण केली. मग डाव्या हातानं ग्लास उचलला. चहा अजून कोमट होता.

भिंतीच्या बाजूला काही हललं नाही, पण बांगडी एकदा वाजली. तिकडे मान वळवून बघावं असं वनिताला फार वाटलं. छातीत धडधडत होतं, भुरीला पहिल्या दिवशी धडधडलं असेल तसं. तिनं मान वळवली नाही. समोर बघत, डावीकडच्या घड्याळात बारा वाजून चार मिनिटं झाल्याचं बघत, ती पुढचा नंबर मोठ्यानं वाचू लागली, एकेक आकडा सुटा करून. अकराव्या आकड्यावर थांबली, आणि बारावा आकडा उजवीकडून ऐकू येतोय का याची वाट बघत राहिली.