सगळं कागदावर आहे

थोरलीच्या ताब्यात बारा वर्षं चार सर्व्हर होते. ऑफिसच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत. खोलीला खिडकी नव्हती. दोन एसी कायम चालू असत, त्यामुळे आत जाताना ती खुर्चीच्या पाठीवरचा राखाडी स्वेटर अंगात चढवायची. शहरातल्या सत्तरेक दवाखान्यांच्या वेळा ज्या वेबसाइटवर मिळत, ती या चार यंत्रांवर चालायची. लोक घरबसल्या डॉक्टरांची वेळ घ्यायचे, आपले रिपोर्ट आधीच चढवून ठेवायचे. कुठला सर्व्हर कशाने कुरकुरतो, कुठल्या पंख्याचा आवाज बदलला की डिस्क जायची वेळ झाली, हे सगळं तिला पाठ होतं. साइट बसली की साहेब आधी तिला हाक मारत आणि मग काय झालंय ते विचारत.

दर सोमवारी सकाळी मात्र साइट हमखास बसायची. आठवड्याच्या वेळा उघडल्या की लोकांची झुंबड उडे आणि चार सर्व्हरांच्या तोंडाला फेस येई. आणखी दोन सर्व्हर द्या म्हणून थोरलीने तीन वर्षं अर्ज केले. तीन वर्षं साहेब "बघू" म्हणाले. चौथ्या वर्षी त्यांनी सगळंच क्लाउडवर न्यायचं ठरवलं, त्यासाठी बाहेरून माणूस घ्यायचं ठरवलं, पाच जणांच्या मुलाखती घेतल्या, आणि निवडली ती नेमकी थोरलीची धाकटी जाऊ.

"घरातलंच माणूस आहे, बरंच झालं की," साहेब म्हणाले.

"हो ना," थोरली म्हणाली. 

दोघी एकाच इमारतीत राहत. थोरली पहिल्या मजल्यावर, धाकटी तिसऱ्या. सासूबाई थोरलीकडे. त्यांची औषधं, त्यांचे गुडघे, त्यांचा रात्रीचा खोकला, सगळं थोरलीच्या वाट्याला. आणि त्यांचं कौतुक तेवढं जिना चढून वर जायचं. धाकटीने त्यांना फोनवर व्हिडिओ लावायला शिकवलं तेव्हापासून तर विचारूच नका. घरी कुणीही आलं की सुरू. "आमची धाकटी ढगात काम करते बरं का. अख्खे दवाखाने ढगात नेऊन ठेवणार आहे."

"आणि या काय करतात?" आलेली बाई थोरलीकडे बघून विचारायची.

"ही मशिनं बघते. खालच्या खोलीत."

थोरली चहाचे कप उचलून आत जायची. कप जरा जोरातच ठेवले जायचे.

पहिल्याच आठवड्यात धाकटीने सगळ्यांना बसवून आपली मांडणी समजावली. फळ्यावर तिने चौकोन काढले. तिचं अक्षरही सुरेख होतं, याचासुद्धा थोरलीला राग आला.

"दाराशी हा एक वाटणारा, लोड बॅलन्सर," धाकटी सांगत होती. "येणाऱ्या माणसाला तो मोकळ्या सर्व्हरकडे पाठवणार. एरवी दोन सर्व्हर पुरतात. सोमवारी सकाळी गर्दी वाढली की आपोआप सहा होतील, दुपारी ओसरली की परत दोन. डेटाबेसची जुळी प्रत दुसऱ्या इमारतीत तयार. एक बसला की दुसरा उभा. आणि सर्व्हर आता भाड्याच्या खोलीसारखा समजायचा. काम झालं की रिकामा करून परत. आत काही ठेवायचं नाही. फायली सगळ्या या वेगळ्या साठ्यात."

साहेबांनी मान डोलावली. दोन सर्व्हरसाठी तीन वर्षं नन्नाचा पाढा लावणारा हा माणूस सहा म्हटल्यावर कसा मान डोलावतोय, ते थोरली बघत राहिली. त्यापेक्षा वाईट हे होतं, की तिला चूक काढायची होती आणि चूक सापडत नव्हती. मांडणी चोख होती.

चूक तिला तीन दिवसांनी सापडली, आणि ती फळ्यावर कुठेच नव्हती.

लोक फोनवर रिपोर्टचा फोटो काढून चढवायचे. ते फोटो थेट मोठ्या साठ्यात जात नसत. सात वर्षांपूर्वी एका प्रोग्रॅमरने घाईत केलेली सोय होती ती: फोटो आधी त्या-त्या सर्व्हरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये पडायचे आणि तिथेच राहायचे. तो प्रोग्रॅमर नोकरी सोडून गेला. मग थोरलीने एक चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती दर तासाला ते फोटो उचलून साठ्यात टाकायची. ही स्क्रिप्ट कुठल्याच यादीत नव्हती. थोरली सोडून ती कुणाला ठाऊक नव्हती. नव्या मांडणीत सर्व्हर परत केला, की त्याच्या फोल्डरमधले फोटो त्याच्याबरोबर जाणार होते.

हे लक्षात आलं तेव्हा थोरली जेवणाचा डबा उघडत होती. तिचा हात झाकणावरच राहिला. उठावं आणि धाकटीला सांगावं, दोन मिनिटांचं काम. ती उठली नाही.

पण तेवढ्यावर भागलं असतं तर तिला पुढे स्वतःची समजूत घालता आली असती. दुसऱ्या दिवशी धाकटी वही घेऊन तिच्याच टेबलाशी आली.

"ताई, एक विचारायचं होतं. तुम्ही दिलेली यादी मी तीनदा वाचली. पण कागदावर न आलेलं काही असतंच. एखादी स्क्रिप्ट, एखादी जुनी सोय? तुमच्याशिवाय कुणाला माहीत असणार?"

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. वहीत आधीच पानभर प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे खुणेला जागा सोडली होती.

"नाही," ती म्हणाली. "सगळं कागदावर आहे."

"नक्की?"

"म्हटलं ना."

धाकटीने बरोबरची खूण केली आणि गेली.

चाचणीत काही उघडं पडलं नाही. चाचणी करणारे होते चौघं, गर्दीच नाही, तर सर्व्हर वाढणार कुठून आणि परत जाणार कुठून! शिवाय एका माणसाला दरवेळी तोच सर्व्हर मिळत होता, त्यामुळे ज्याचा फोटो त्याला दिसत होता. रविवारी दुपारी साइट नव्या जागी गेली. सोमवारी सकाळी सर्व्हर दोनाचे सहा झाले आणि चार वर्षांत पहिल्यांदा साइट सोमवारी बसली नाही. साहेबांनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. थोरली आपल्या थंड खोलीत जाऊन बसली आणि बंद केलेल्या सर्व्हरांकडे बघत राहिली. गर्दीसाठी वाढलेले नवे चार दुपारी गुपचूप परत गेले.

मंगळवारी दवाखान्यांचे फोन सुरू झाले. रुग्ण म्हणतो रिपोर्ट चढवला, डॉक्टरांना तो दिसत नाही. एक, दोन, मग वीस. धाकटी सकाळपासून खुर्चीला खिळली होती. तीन वाजता तिला ते फोल्डर सापडलं. दोन कायमच्या सर्व्हरवरचे फोटो तिने वाचवले. उरलेल्या चारांवरचे गेले ते गेलेच. दोनशे बारा रिपोर्ट.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "लोकांच्या तब्येतीचे कागद आहेत हे," ते धाकटीला म्हणाले. "फळ्यावर चौकोन काढणं सोपं असतं. जुन्या माणसांना विचारायची तसदी घेतलीत का तुम्ही?"

धाकटीने थोरलीकडे एक क्षण पाहिलं. त्या पाहण्यात संशय नव्हता. उलट, आपल्याबरोबर हिचंही नाव खराब व्हायला नको, असा काहीतरी भाव होता.

"कोड मी स्वतः पूर्ण वाचायला हवा होता, सर," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

खोटं कशाला बोला, थोरलीला बरं वाटलं.  संध्याकाळी तिने घरी सासूबाईंना आपणहून सांगितलं, "ढगात गोंधळ झालाय बरं का." आणि चांगले दोन घास जास्त जेवली.

दोनशे बारा जणांना फोन करून रिपोर्ट परत मागवायचे ठरले. यादी पाच जणांत वाटली. थोरलीच्या वाट्याला चव्वेचाळीस नावं आली, धाकटीने स्वतःकडे ऐंशी घेतली. दोघींची टेबलं समोरासमोर. बहुतेक लोक कुरकुरत का होईना, पुन्हा फोटो पाठवत होते. काहींनी मनसोक्त शिव्या दिल्या. धाकटी प्रत्येकाला "चूक आमची आहे, माफ करा," म्हणत होती. दुपारपर्यंत तिचा घसा बसला.

थोरलीचं एकोणतिसावं नाव एका लहान मुलीचं होतं. फोन वडिलांनी उचलला.

"कागद नाहीये हो," तो म्हणाला. "फोटो चढला म्हटल्यावर मी फाडून टाकला, फोनमधूनही काढला. घरात आधीच कागदांचा ढीग आहे."

"मग लॅबकडून दुसरी प्रत मिळेल का?"

"ती लॅब बंद झाली गेल्या महिन्यात." तो थोडा थांबला. "म्हणजे रक्त परत काढायचं का? अहो, सहा वर्षांची आहे ती. सुई बघितली की तिला तिघांनी धरावं लागतं. गेल्या वेळी तिला सांगितलं होतं मी, आता नाही टोचायचं म्हणून."

मागून एक बारीक आवाज आला, "कोण आहे बाबा?"

"कुणी नाही," तो म्हणाला. मग थोरलीला, "ठीक आहे. बघतो." आणि फोन ठेवला.

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. थोरलीने तिसावं नाव लावलं नाही. समोर धाकटी गरम पाण्याचा घोट घेऊन पुन्हा म्हणत होती, "चूक आमची आहे." थोरली उठली आणि तिला जिन्याशी बोलावलं.

"ते फोल्डर मला माहीत होतं," ती म्हणाली. आधी काय बोलायचं, नंतर काय, असं काही तिने ठरवलं नव्हतं. "स्क्रिप्टही माझीच होती."

धाकटीला क्षणभर कळलं नाही. "म्हणजे नंतर आठवलं?"

"नाही. तू वही घेऊन आलीस तेव्हाही माहीत होतं."

जिन्यावरून कुणीतरी फायली घेऊन उतरत होतं. धाकटीने बाजूला सरून वाट दिली.

"का, ताई?"

"तू आलीस म्हणून," थोरली म्हणाली. "घरात तू, इथेही तू. मी तीन वर्षं दोन सर्व्हर मागितले. तू दोन आठवड्यांत सहा मिळवलेस. मला बघवलं नाही."

धाकटी रडेल असं थोरलीला वाटलं होतं. ती रडली नाही. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. बसलेल्या घशाने ती म्हणाली, "माझ्यावर जळायचं तर जळा. पण दोनशे लोकांचे रिपोर्ट? त्यांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?"



"साहेबांना तुम्ही सांगा," धाकटी म्हणाली. "मी नाही सांगणार. मी सांगितलं तर ते जावाजावांचं भांडण होईल." आणि ती आपल्या यादीकडे परत गेली.

थोरलीने सांगितलं. त्याच दिवशी, साहेब निघायच्या आत. नोकरी जाईल असं धरूनच ती आत गेली होती. नोकरी गेली नाही. लेखी ताकीद मिळाली, वर्षाची पगारवाढ गेली आणि एक काम मिळालं. बारा वर्षांत जे जे डोक्यात साठवलंय ते सगळं लिहून काढायचं. आणि ते तपासणार धाकटी.

त्या मुलीच्या घरी थोरलीने पुन्हा फोन केला. आपल्या ओळखीच्या एका लॅबमधली हलक्या हाताची बाई तिने घरी पाठवली आणि तपासणीचा खर्च स्वतः भरला. वडील "बरं" म्हणाले. आभार वगैरे मानले नाहीत, आणि थोरलीला ते योग्यच वाटलं.

लिहून काढायला पाच आठवडे लागले. सत्तर पानं झाली. धाकटी रोज संध्याकाळी दोन-तीन पानं परत पाठवायची, समासात प्रश्न भरून. "हे का?" "हे बंद पडलं तर?" "कोणी ठरवलं?" एका अक्षराचंही जास्तीचं बोलणं नाही. इमारतीच्या जिन्यात भेट झाली तर नुसती मान हलवायची. घरात काय बिनसलंय ते सासूबाईंना कळेना. त्यांनी दोन्ही मुलांना विचारून पाहिलं, ते दोघं तर नेहमीप्रमाणे त्या गावचेच नव्हते. शेवटी थोरलीनेच एका सकाळी त्यांना सगळं सांगितलं.  सासूबाई म्हणाल्या, "मीही तेल ओतत होते की काय?" थोरलीने त्यांच्या गोळ्या मोजून हातावर ठेवल्या. "थोडंसं," ती म्हणाली.

सत्तर पानं लिहिताना थोरलीला नवी मांडणी आतून कळत गेली. जिथे तिची जुनी जुगाडं होती, तिथे धाकटीने एकेक सरळ उपाय केला होता. आपल्याला हे का सुचलं नाही, या विचाराने तिची कधीकधी झोप उडायची. तो हेवा गेला नव्हता. फक्त आता तो माणसावरून कामावर सरकला होता, आणि कामावरचा हेवा जरा सोसता येतो.

तीन महिन्यांनी धाकटीला पंधरा दिवस परगावी जायचं होतं. तिने साइटची जबाबदारी थोरलीच्या नावावर लिहिली.

"माझ्यावर सोपवतेस?" थोरलीने विचारलं.

"पूर्ण विश्वास बसलाय असं नाही," धाकटी पिशवी भरता भरता म्हणाली. "पण हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला समजत नाही."

चौथ्या दिवशी भर दुपारी दोनपैकी एक सर्व्हर मेला. थोरली दचकून उभी राहिली. तिच्या जुन्या खोलीत असं झालं असतं तर पुढचे दोन तास धावपळ झाली असती. इथे ती पडद्याकडे बघत असतानाच लोड बॅलन्सरने लोकांना उरलेल्या सर्व्हरकडे वळवलं, तीन मिनिटांत मेलेल्याच्या जागी नवा उभा राहिला, आणि एकाही दवाखान्याचा फोन आला नाही.

तिने धाकटीला निरोप लिहिला, "एक सर्व्हर गेला होता. कुणाला कळलंही नाही." मग बोट थांबलं. पुढचे तीन शब्द लिहायला तिला पाव तास लागला. "मांडणी चांगली आहे."

उत्तर लगेच आलं. "माहीत आहे."

"आगाऊ कुठली," थोरली पुटपुटली, आणि नव्या सर्व्हरची नोंद करायला तिने वही पुढे ओढली.