चुका

खुर्च्यांना गाद्या बसवणाऱ्या माणसाच्या तोंडात नेहमी चुका असतात. चुका म्हणजे चपट्या डोक्याचे बारीक खिळे. मूठभर ओठांत धरायच्या, जिभेने एकेक पुढे सरकवायची आणि ठोकायची. तोंड असं भरलेलं, म्हणून काम करताना फार बोलता येत नाही. दादाला तेवढा एक शब्द जमायचा : "होईल." गल्लीत त्याचं नावच पडलं होतं, होईलदादा.

"ह्यांच्या तोंडात आयुष्यभर चुका," त्याची बायको मशीन चालवता चालवता म्हणायची, "आणि निस्तरायच्या मी." तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मागे वहिनीची शिवणयंत्रं, कोपऱ्यात पिंजलेल्या काथ्याचा ढीग, पुढे दादा आणि त्याचा धाकटा भाऊ. गादी बसवायला माणसं दोन लागतात. एकाने कापड जीव खाऊन ओढून धरायचं, दुसऱ्याने ठोकायचं. धाकटा ओढायचा, दादा ठोकायचा. एकट्याने केलं तर कापडाला सुरकुती पडते, आणि एकदा पडलेली सुरकुती खुर्ची मोडेपर्यंत हसत राहते.

ते वर्ष वाईट गेलं. पलीकडचा कारखाना बंद पडला आणि लोकांनी फाटक्या सोफ्यांवर चादरी टाकायला सुरुवात केली. बाजाराला उभारी येते आहे, असं टीव्हीवर रोज सांगत.

"त्या उभारीला आपला पत्ता कुणी दिला नाही वाटतं," वहिनी म्हणाली.

"होईल," दादा म्हणाला.

धाकट्याला दूरच्या शहरात गोदामावर काम मिळत होतं. निवडणुकीच्या निकालाच्या आठवड्यात हो की नाही ते कळवायचं होतं. तो गेला की दुकान संपलं, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते बोलत नव्हते.

शेवटी दादाने तोंडातल्या चुका तळहातावर काढल्या. "निकालापर्यंत थांब रे. ह्या वेळी सत्ता बदलतेय. आणि सत्ता बदलली की गाद्या बदलतात. वडिलांच्या वेळेपासून बघतोय आपण. नवे लोक जुन्यांच्या कापडावर बसत नाहीत."

"उष्टं वाटतं त्यांना," वहिनी आतून म्हणाली.

खरंच होतं ते. मोठ्या कचेरीच्या सभागृहातल्या साऱ्या खुर्च्यांना सध्या शेवाळी कापड होतं, जुन्या सत्तेच्या झेंड्याच्या रंगाचं. तेही ह्याच दोघा भावांनी बसवलेलं. आता वारं जांभळ्या झेंड्याकडे होतं. कचेरीचा भांडारप्रमुख फोनवर म्हणाला होता, "जांभळे आले तर लागेल काम. तयारी असू द्या." तो सहज बोलला. दादाने मात्र तो हुकूम मानला. एक शिवणयंत्र विकून त्याने जांभळ्या मखमलीचा तागा आणला, आणि मतमोजणी व्हायच्या आधीच कात्रीला हात जोडून कापायला घेतलं. मापं पाठ होती.

"दादा, थांब," धाकट्याने ताग्यावर हात ठेवला. "निकाल लागू दे. न कापलेला तागा दुकानदार परत तरी घेईल."

"त्यांना घाई असते रे. आठवड्यात करा म्हणतात. आधी कापून ठेवलं तर काम आपलंच."

"आणि जांभळे नाही आले तर?"

"येतील."

देवाने माणूस घडवताना त्याच्या छातीत आशा भरली असेल ती काथ्यासारखीच. वर्षानुवर्षं कुणी बसून बसून दाबली तरी जरा पिंजली की पुन्हा फुगते. त्या दयाघनाची ही करणी बघून हात जोडावेत, की ज्याची आशा फुगली त्याच्यासाठी रडावं, हे त्या दुपारी ती कात्री चालताना बघणाऱ्याला कळलं नसतं. धाकट्याने हात काढून घेतला आणि गोदामवाल्याला आणखी चार दिवस मागितले.

आणि जांभळे आले! गल्लीत फटाके वाजले. दादाने चहावाल्याला मिठी मारली, वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकटासुद्धा हसला. कापलेल्या मखमलीच्या चळती फळीवर रचलेल्या होत्या. त्यांच्याकडे बघून तो म्हणाला, "येऊ देत खुर्च्या. मी ओढतो."

तीन दिवस फोन आला नाही, तेव्हा दोघं भाऊ कचेरीत गेले. भांडारप्रमुखाने त्यांना बसवलं, पाणी दिलं. माणूस वाईट नव्हता.

"अहो दादा, सत्ता बदलली, पण साहेब तेच आहेत. मतदानाच्या आधीच शेवाळ्यांतून जांभळ्यांत आले, आपली अर्धी माणसं घेऊन. आता पुन्हा त्याच खुर्चीवर. म्हणाले, मला माझी जुनी गादी सवयीची आहे, उगाच खर्च कशाला? पेपरात काटकसरीचं कौतुकही झालं."

"पण रंग?" दादाने विचारलं.

"पाठीवर जांभळं फडकं टाकलंय."

सभागृहाचं दार उघडं होतं. शेवाळी खुर्च्या रांगेत उभ्या होत्या. एकेकीच्या पाठीवर एकेक फडकं. दादाच्या तोंडात त्या वेळी एकही चूक नव्हती, तरी त्याला बोलता आलं नाही.

जिन्यावर धाकटा म्हणाला, "आपणच चांगली बसवली रे ती गादी. जरा कच्ची बसवली असती तर..."

दादा हसला नाही.

धाकट्याने संध्याकाळी गोदामवाल्याला हो म्हटलं. वहिनीने रात्रभर उरलेल्या मशीनवर जांभळ्या मखमलीची एक उशी शिवली, कोपऱ्यातला काथ्या नीट पिंजून भरली. निघताना त्याच्या हातात देत म्हणाली, "त्यांच्या बुडाखाली नाही गेली, तुमच्या डोक्याखाली जाऊ दे, भाऊजी. जागेवर पोचलात की फोन करा."

दादा तेव्हा पाटावर बसून काथ्या पिंजत होता. वर बघितलं नाही. धाकटा वाकून पाया पडला, तेव्हा दादाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही.

पुढच्या आठवड्यात भांडारप्रमुखाने एक खुर्ची पाठवली. साहेबांचीच. स्प्रिंग वर आली होती, तेवढीच बसवून तेच शेवाळी कापड परत लावायचं होतं. दादाने स्प्रिंग बांधली, काथ्या घातला, वरून कापड टाकलं. चुका तोंडात घेतल्या. हातोडी उचलली, आणि मग समोर कुणी नाही हे त्याच्या ध्यानात आलं.

वहिनीने मशीन थांबवलं. पदराला हात पुसले आणि ती समोर येऊन कापडाची कड धरून बसली. तिच्या हातांत तेवढा जोर नव्हता. कड जरा वाकडी येत होती.

"होईल ना हो?" तिने विचारलं.

तो ओठांतल्या चुका जिभेने चाळवत राहिला.

"ओढ," तो म्हणाला.